अंगठा दुखणारीने केलेली धुण्याच्या साबणांची पारख

साबणाबद्दल लिहिताना लोक डाग किती गेले आणि वास कसा आला ते सांगतात. मी सुरुवात डब्यापासून करणार आहे, कारण माझं गाडं तिथेच अडलं होतं. साबण चांगला की वाईट हे कळायला आधी तो हाताला लागावा लागतो.

माझं वय 66. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाचे, मनगटाला लागून असलेले सांधे झिजलेत, उजवा जास्त. कपडे वाळत घालते, घड्या करते, लिहिते, सगळं करते. पण किल्ली फिरवायची, बाटलीचं बूच काढायचं किंवा पुडीचा कोपरा चिमटीत धरून फाडायचा म्हटलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला एक हिशेब सांगितला होता: चिमटीच्या टोकाला 1 किलोचा जोर लावला तर बुडाच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा दाब येतो. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक झाकणाकडे मी बाराच्या पाढ्यानेच बघते.

तर तो डबा. वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या लिक्विड कॅप्सूलचा. पारदर्शक, आत जांभळ्या-हिरव्या छोट्या उशा चकाकत होत्या. लेकीने आणून दिला. म्हणाली, "आई, मोजायचं नाही, सांडायचं नाही, एक उचलायची नि टाकायची." तिचं खोटं नव्हतं. फक्त उचलण्याच्या आधी झाकण होतं, ते ती विसरली. तिचे अंगठे चाळिशीचे आहेत.

झाकणाच्या दोन बाजूंना दोन खरखरीत पट्ट्या. दोन्ही एकाच वेळी आत दाबायच्या आणि दाबलेल्या ठेवूनच झाकण वर उचलायचं. म्हणजे दोन्ही अंगठे पट्ट्यांवर अडकलेले, आणि उचलायला तिसरा हात आणायचा कुठून? पहिल्या दिवशी मी डबा पोटाशी धरला, मग गुडघ्यांत धरला, मग एका पट्टीत चमच्याचा दांडा खुपसला. दुसरी पट्टी दाबेपर्यंत पहिलीतून चमचा सटकायचा. शेवटी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा लावला, झाकणावरची बाणांची चित्रं नीट वाचली, डबा उलटा करून बुडाकडून पाहिला आणि म्हणाले, "अगं, हा उघडण्यासाठी नसावाच." पण उघडून दिला. तेही दातओठ खात, हे मी मुद्दाम नोंदवते.

आता रोजच्या धुण्याला कोण कोणाला हाक मारत बसणार? तिसऱ्या आठवड्यापासून मी झाकण नुसतं वर टेकवायला लागले. 'खट्' असा आवाज येतो तिथपर्यंत दाबायचंच नाही. माझ्या मते प्रश्न सुटला होता.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली फुटकळ. कॅप्सूलचं बाहेरचं पातळ आवरण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं असतं. ते पाण्यात विरघळावं म्हणूनच केलेलं असतं, त्यामुळे दमट हवेतही मऊ पडतं. झाकण नीट न लागल्यामुळे चार-पाच कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या. एक ओढली तर शेजारचीचं कातडं निघालं आणि सगळ्या डब्यात निळा चिकटा झाला.

दुसरी फुटकळ नव्हती. नातू साडेतीन वर्षांचा, सुट्टीला आलेला. मी बाहेर दोरीवर कपडे टाकत होते. आत आले तर हा मशीनपाशी उकिडवा बसलेला, उजवी मूठ घट्ट मिटलेली. मूठ सोडवली, तर आत जांभळी कॅप्सूल, घामाने चिकट झालेली. फुटली नव्हती. तोंडाला, डोळ्यांना काही लागलेलं नव्हतं. मी त्याचा हात नळाखाली धरला, आणि किती वेळ धरला ते मला आजही सांगता येणार नाही. "आजी, पुरे ना," असं तो म्हणाला तेव्हा भानावर आले. ज्यांना ही वस्तू नवी आहे त्यांच्यासाठी सांगते: यातलं द्रावण साध्या लिक्विडपेक्षा बरंच दाट असतं. दातांखाली फुटलं तर उलट्या होतात, श्वासाला त्रास होऊ शकतो, डोळ्यांत उडालं तर बुबुळ भाजतं.

लेकीला मीच फोन करून सांगितलं. ती चिडली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "आई, झाकण उघडं का होतं?" उत्तर सोपं होतं. झाकण बंद केलं की ते मला उघडत नव्हतं.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा या कुलपी झाकणांबद्दल वाचत बसले. हेतू खरं तर शिव्या घालायला दारूगोळा जमवण्याचा होता. पण पहिल्याच पानावर कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो भेटले. औषधांच्या गोळ्या खाऊन दवाखान्यात येणारी मुलं बघून ते हैराण झाले होते, आणि 1967 मध्ये त्यांनी दाबून फिरवायचं झाकण पुढे आणलं. त्या झाकणाचं नाव 'पाम एन टर्न', म्हणजे तळहाताने दाबा आणि फिरवा. शिव्या तिथेच गिळल्या. पण नावातला तळहात मात्र डोक्यात राहिला, त्याच्याकडे पुढे येते.

मग 1970 साली अमेरिकेत अशा वेष्टनांचा कायदाच झाला. चाचणी कशी घेतात तेही वाचलं. 42 ते 51 महिन्यांची मुलं जोडीजोडीने बसवतात आणि हातात डबा देतात. पाच मिनिटं. नाही उघडला तर मोठं माणूस एकदा उघडून दाखवतं आणि आणखी पाच मिनिटं देतं. हवे तर दात वापरा, असंही सांगतात. माझा नातू त्या दिवशी बरोबर 42 महिन्यांचा होता, हे वाचताना अंगावर काटा आला.

आता मोठ्यांची चाचणी बघा. सुरुवातीला ती 18 ते 45 वयाच्या लोकांवर घ्यायचे. त्यामुळे झाकणं अशी बनली की तरुणांना उघडतात आणि म्हाताऱ्यांना नाही. म्हातारी माणसं काय करणार? मी केलं तेच. झाकण उघडं ठेवायची, किंवा गोळ्या दुसऱ्या साध्या डबीत काढून ठेवायची. नातवंडं नेमकी त्यांच्याच घरी येतात. ते ध्यानात आल्यावर 1995 मध्ये नियम बदलला, आणि चाचणीला 50 ते 70 वयाची माणसं बसवायला लागले. त्यांतल्या 90 टक्क्यांना झाकण उघडता आणि पुन्हा लावता आलं पाहिजे. म्हणजे मी अजून चार वर्षं त्यांच्या हिशेबात आहे. पण उरलेल्या दहा टक्क्यांत.

युरोपात या कॅप्सूलसाठी 2015 पासून वेगळे नियम आहेत. डबा अपारदर्शक हवा, म्हणजे आतली रंगीत उशी पोराला बाहेरून दिसूच नये. आवरणात तोंडाला लागताच थुंकावंसं वाटेल असं कडू द्रव्य हवं. आणि पाण्यात पडल्यावर आवरणाने निदान 30 सेकंद तरी तग धरला पाहिजे. आमचा डबा पारदर्शक होता. बरणीतल्या मिठाईसारखा. डबा बनवणाऱ्यांनी सगळी अक्कल पट्ट्यांमध्ये घातली आणि बाजू काचेसारखी ठेवली, हे मला आजही पटत नाही.

कॅप्सूल कपडे चांगले धुतात, हे मान्य केलंच पाहिजे. कपड्यांच्या आधी, रिकाम्या ड्रममध्ये, कोरड्या हाताने टाकली तर उत्तम. वरून टाकली आणि थंड पाण्याचं छोटं सायकल लावलं, तर आवरण अर्धवट विरघळून कपड्याला शेंबडासारखं चिकटतं. पण आमच्या घरातून ती गेली ती गेली.

पुढचे दोन-तीन महिने मी एकेक पर्याय आणून बघितला. परीक्षा एकच: ओल्या हाताने, कात्रीशिवाय, कोणाला हाक न मारता उघडता आलं पाहिजे आणि तितक्याच सहज पुन्हा लावता आलं पाहिजे. कपडे किती निघतात ते त्यानंतर.

आधी बाटलीतलं लिक्विड. हेही दाबून फिरवायचंच झाकण. याची रचना कळली की राग निम्मा होतो. झाकणात दोन झाकणं असतात, एकात एक. नुसतं फिरवलं की बाहेरचं कटकट वाजत मोकळं फिरतं. वरून दाबलं की त्याचे दाते आतल्याच्या दात्यांत बसतात आणि मग दोन्ही मिळून फिरतात. मी काय करत होते? बाटली मशीनवर, म्हणजे जवळजवळ छातीच्या उंचीला ठेवून बोटांनी झाकण आवळत होते. तिथून दाब देणार कसा? आता बाटली बुटक्या स्टुलावर ठेवते, तळहाताची टाच झाकणावर टेकवते, कोपर सरळ ठेवून अंगाचा भार सोडते आणि खांद्यातून वळते. बोटं हवेतच. मध्ये रबरी हातमोज्याचा कापलेला तुकडा ठेवला तर ओला हातही घसरत नाही. दहापैकी आठ वेळा उघडतं. विंडसरच्या डॉक्टरांनी नावातच सांगून ठेवलं होतं, आपण ऐकलं नाही.

उरलेल्या दोन वेळा लिक्विड वाळून आट्यांत घट्ट बसलेलं असतं. झाकण रोज पुसायला हवं, तेवढी शिस्त माझ्यात नाही. शिवाय याच झाकणाने माप घ्यायचं असतं, आणि मापाच्या रेघा झाकणाच्याच रंगाच्या, आतल्या बाजूला कोरलेल्या. उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. मग अंदाजपंचे ओतायचं. अंदाज नेहमी जास्तीचाच निघतो, आणि जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस खळखळून निघत नाही एवढंच.

रिफिलच्या पाऊचबद्दल बोलायलाच हवं, कारण पाऊचने माझा जेवढा अपमान केलाय तेवढा कोणी केला नसेल. कोपऱ्यात बारीकशी खाच असते आणि शेजारी लिहिलेलं असतं, 'इथून फाडा'. खाच असते ती जोर एका बिंदूवर यावा म्हणून, कल्पना उत्तम आहे. पण पाऊच एका कागदाचा नसतो, थरांचा असतो. बाहेरचा कडक थर टर्रकन फाटतो आणि आतला पॉलिथिनचा थर फाटायच्या ऐवजी ताणला जातो. लांब, पांढरा, चिवट होत जातो. मग आपण जोर वाढवतो. मग तो एकदम सुटतो आणि अर्धा पाव लिक्विड बाहीत. आणि हे सगळं करायचं कशाने? चिमटीने. बारा किलो!

यावर उपाय एकच, कात्री. मशीनच्या बाजूच्या खिळ्याला मी सुतळीने एक जुनी कात्री बांधून ठेवली. सुतळी एवढ्यासाठी की घरातल्या कात्र्यांना पाय असतात. कापलेला पाऊच पुन्हा बंद मात्र होत नाही, म्हणून तो उभा राहतो कपडे वाळत घालायच्या चिमट्याच्या भरवशावर. माझ्या परीक्षेत सपशेल नापास.

तळाशी तोटी असलेला पाच लिटरचा कॅन. सुरुवातीला मी याच्या प्रेमात पडले होते. झाकणाला हात लावायचाच नाही, तोटीची पट्टी मनगटाच्या कडेने दाबली की धार. अंगठ्याला सुट्टी. पण भरलेला कॅन पाच किलोचा, तो उंच फळीवर चढवणं मला झेपत नाही आणि पडला तर डोक्यात पडेल. खाली ठेवला तर तोटी बरोबर नातवाच्या छातीपाशी. शिवाय थेंबथेंब गळतो, फरशी बुळबुळीत होते, आणि या वयात मला अंगठ्यापेक्षा खुब्याची भीती जास्त आहे. ज्यांच्या घरी लहान मूल येत नाही आणि ज्यांच्याकडे कमरेएवढ्या उंचीचा भक्कम ओटा आहे, त्यांनी डोळे मिटून घ्यावा. खाली एक ताटली ठेवायची.

साबणाच्या वडीला तर नुसता कागद असतो, नखाने निघतो. पण वडी घासायला मूठ लागते, म्हणजे दुखणं पुढे ढकललं एवढंच. कॉलरला वडी लावून जाड मुठीच्या ब्रशने दोन हात मारते, तेवढ्यापुरती ती आहे.

आणि मग शीट. आमच्या घरात यांना 'धुण्याचे कागद' म्हणतात. वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिलेही नसतील. पुठ्ठ्याची चपटी पेटी, काड्यापेटीसारखी सरकणारी. आत जाडसर कागदासारख्या पांढऱ्या पट्ट्यांची चवड, प्रत्येक पट्टीला मधोमध भोकांची रेघ. पेटी उघडायला मी तळहाताने ढकलते, झाली उघडी. एवढं सोपं गेलं की पहिल्या दिवशी मी ती उगाचच तीन-चार वेळा उघडबंद केली. वजन नाही, सांडणं नाही, माप नाही. थोडे मळलेले कपडे असतील तर अर्धी पट्टी, भरलेलं मशीन असेल तर एक.

पहिल्यांदा मी पट्टी मशीनच्या साबणाच्या खणात ठेवली. धुणं झाल्यावर खण ओढला तर तिथे भिजलेल्या कागदाचा लगदा, आणि कपडे नुसत्या पाण्यातून निघालेले. आता चार तुकडे करते, ड्रमच्या तळाशी पसरते आणि वर कपडे. तेव्हापासून लगदा नाही. फाडणं भोकांच्या रेघेवरून होतं, तेही मी चिमटीने करत नाही. पट्टी मशीनच्या कडेवर ठेवून तळहाताने खाली मोडते. हात मात्र कोरडा हवा. हेही शेवटी त्याच विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर बेतलेलं आहे, ओलं बोट लागलं की पट्टी बोटालाच साबण लावते.

धुलाई? खरं सांगायचं तर मध्यम. रोजचे सदरे, गाऊन, उशांचे अभ्रे, ह्यांचे पायजमे, उत्तम. घामाचा वास जातो. पण तेलकट फडक्यांनी शीटला अजिबात दाद दिली नाही, आणि ह्यांच्या बनियनच्या काखा पिवळ्या त्या पिवळ्याच. इतक्या पातळ कागदात साबण मावून मावून मावणार किती. आणि पेटी मला सहज उघडते म्हणजे नातवालाही उघडते, हे मी विसरलेले नाही. तोंडावर उडेल असं द्रावण यात नाही, पण आहे तो साबणच. पेटी हलकी असल्यामुळे वरच्या फळीवर, दाराला वर कडी असलेल्या कपाटात ठेवता येते. पाच किलोच्या कॅनला ही सोय नव्हती.

पांढऱ्या कपड्यांसाठी मी पुन्हा पावडरवर आले, आणि आधीच यायला हवं होतं. डाग फिके करणारा ऑक्सिजनवाला पदार्थ, सोडियम परकार्बोनेट, पावडरमध्ये टिकतो. लिक्विडमध्ये तो ठेवता येत नाही. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात पावडर, आणि बनियनच्या काखा निदान माणसांत आल्या. पावडरच्या खोक्याचं तोंड अर्थातच त्रासाचं: अर्धचंद्राकृती भोकांची रेघ, 'इथे दाबा', दाबलं की अंगठा आत आणि पावडर बाहेर. पण ते महिन्यातून एकदाच, आणि तेवढ्याला ह्यांना हाक मारते. पावडर रुंद तोंडाच्या डब्यात ओतून घेते. आट्यांचं नाही, नुसतं वर बसणारं कान असलेलं झाकण, कानाखाली चार बोटं घालून उचलायचं. खोक्यावरचं लेबल कापून डब्यावर चिकटवलंय, कारण बिननावाच्या डब्यात पांढरी पूड म्हणजे दुसऱ्या अपघाताची तयारी. डबाही त्याच कडीच्या कपाटात.

म्हणजे आता कुलूप कपाटाला आहे, साबणाला नाही. ती कडी मी हाताच्या पंजाने सरकवते, अंगठा लागत नाही. नातवाचा हात तिथे पोहोचायला अजून काही वर्षं आहेत.

गुणच द्यायचे तर शीटला उघडण्यासाठी पाचपैकी पाच आणि धुण्यासाठी तीन. पावडरला धुण्यासाठी पाच, उघडण्यासाठी दोन, पण डब्यात ओतली की चार. बाटलीला तीन, तेही स्टूल असेल तर. पाऊचला कात्री.

फॅब्रिक कंडिशनरचं मात्र अजून जमलेलं नाही. त्याच्या बाटलीचं बूच गुळगुळीत आणि इतकं बुटकं आहे की तळहातही धरत नाही आणि रबरही. सध्या टॉवेल कंडिशनरशिवायच धुते, थोडे खरखरीत होतात. ह्यांना तसेच आवडतात म्हणे, पाठ खाजवायला. कोणाला पंपाची बाटली मिळाली असेल आणि तो पंप पंजाने दाबता येत असेल, तर जरूर कळवा.